हेतू सांगताना 'टू', 'सो दॅट' की 'लेस्ट'? मुलांना आधी काय शिकवावं?

फळा_खडू: इंग्रजीत हेतू सांगायला मुलांकडून आधी 'टू' आणि 'सो दॅट' पक्के करून घ्यावेत. 'लेस्ट', म्हणजे 'तसं होऊ नये म्हणून', मागाहून शिकवला तरी चालेल. सध्या उलटं चाललंय. स्पर्धा परीक्षेच्या क्लासात 'लेस्टनंतर शुड' घोकून घेतात आणि तीच मुलं 'आय वेंट टू नाशिक फॉर मीट माय अंकल' लिहितात. पाहायचं एवढंच की दोन्ही क्रियांचा कर्ता एक आहे का. मी गेलो, मीच भेटणार, म्हणून 'टू मीट'. बोललो मी, समजायचं मुलांना. कर्ता बदलला, म्हणून 'आय स्पोक स्लोली सो दॅट द चिल्ड्रन कुड फॉलो'.

वाचनवेडी: साफ असहमत. कर्ता बदलला की 'सो दॅट'च हवा असं कुठे आहे? 'आय स्टेप्ड असाइड फॉर हर टू पास' हे शुद्ध इंग्रजी आहे. आणि 'लेस्ट' मागे टाकायचा तर मुलं जुनं गद्य वाचणार कशी? युद्धस्मारकांवर 'लेस्ट वी फर्गेट' कोरलेलं असतं. त्यात 'शुड' नाही, तरी ते बरोबरच आहे. क्लासचा नियम अपुरा आहे, तो पूर्ण करून शिकवा.

फळा_खडू: 'फॉर हर टू पास' मान्य, माझा नियम तिथे तोकडा पडतो. पण 'लेस्ट'चा अर्थ न कळता 'शुड' पाठ केला की मुलं 'लेस्ट यू शुड नॉट फॉल' लिहितात, म्हणजे नकार दोनदा येतो. 'सो दॅट यू डोन्ट फॉल' लिहिलं तर काय बिघडलं?

सरावपरीक्षा: सर, बिघडतात ते गुण. प्रश्न 'लेस्ट'वरच येतो आणि पर्यायांत 'शुड' असतो. आम्ही क्रम कसा बदलायचा? नोकरी लागेपर्यंत तरी घोकणं सुटत नाही.

वाचनवेडी: घोका, पण कारण समजून घोका. 'लेस्ट ही फॉल' यात 'फॉल'ला एस का लागत नाही, हे क्लासमध्ये विचारा. 'सो दॅट'ही तितका सोपा नाही. 'इट रेन्ड ऑल नाइट, सो दॅट द रोड वॉज क्लोज्ड' यात हेतू कुठे आहे? तो परिणाम आहे. रस्ता बंद व्हावा म्हणून काही पाऊस पडला नाही.

फळा_खडू: अगदी बरोबर, आणि म्हणूनच वर्गातला वेळ तिथे द्यायला हवा. हेतू असेल तर मागून बहुधा 'कॅन', 'कुड', 'विल', 'वुड' येतं. अशी दहा वाक्यं मुलांकडून सोडवून घ्या, मग 'लेस्ट'कडे वळा.