"मिसिंग आली की चारही कॉइल बदला" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गेजवाला:
काल इथं एकानं विचारलं. सेकंडहँड छोटी पिकअप, १.२ लिटर, चार सिलिंडर, कंपनी फिटेड सीएनजी, मीटरवर ९२ हजार. मधूनच मिसिंग (मिसफायर) करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही आणि गाडी झटके देते, मग दोन-दोन दिवस काहीच नाही. त्यावर वाडीच्या मिस्त्रीभाऊंचं उत्तर असं: "चार प्लग, चार कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) टाका, थ्रॉटल बॉडी साफ करा, बॅटरीचा टर्मिनल दहा मिनिटं काढून लावा, झालं." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

यातलं सगळ्यात घातक काम म्हणजे टर्मिनल काढणं. मिसिंग मधूनमधून येते, म्हणजे पुरावा आधीच थोडा. जो आहे तो ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात: कोड, फ्रीज फ्रेम (कोड बसला त्या क्षणाची नोंद), शिकलेला फ्युएल ट्रिम (इंधन किती टक्के वाढवायचं-कमी करायचं ती दुरुस्ती). टर्मिनल काढला की बहुतेक सगळं पुसलं जातं. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी घर झाडून घेण्यातला प्रकार आहे हा.

आधी स्कॅनर लावा, चेक लाईट लागलेली नसली तरी. मिसफायरचा कोड सहसा पहिल्या खेपेला पेंडिंगमध्ये (कच्च्या नोंदीत) बसतो. पुढच्या खेपेला पुन्हा झालं की लाईट लागते. पी०३०० म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही. पी०३०१ ते पी०३०४ असेल तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. फ्रीज फ्रेममधून आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान कागदावर उतरवा. ८०० आरपीएम आणि ९० अंश, म्हणजे गरम इंजिन नुसतं आयडलला, हा एक आजार. २८०० आरपीएम आणि ८५ टक्के लोड, म्हणजे ताणाखाली, हा वेगळाच.

मग इंधनाचा स्विच. एक दिवस पेट्रोलवर, तोच माल, तोच रस्ता. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर गॅस फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, पंप, टाकीतलं पेट्रोल. दोन्हीवर असेल तर प्लग-कॉइल, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब), व्हॅक्यूम लीक (भलतीकडून आत शिरणारी हवा), अर्थिंग.

समजा कोड दोन नंबरचा आला. दोनची कॉइल तीनला लावा, दोनचा प्लग चारला. कोड तीनवर गेला तर कॉइल, चारवर गेला तर प्लग, दोनवरच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग नाहीतर कॉम्प्रेशन. एकाच फेरीत उत्तर, खर्च शून्य. इंजिन थंड असतानाच करा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हेडातून प्लगसोबत आटेही बाहेर येतात.

वाडीचा मिस्त्री:
भाऊ, तुम्ही पुस्तक वाचलं, गाडी नाही वाचली. मीटरचे ९२ हजार खरे किती अन् खोटे किती, कोणाले ठाव? प्लग कधी बदलले ते जुना मालकही सांगणार नाही. म्हणजे ते तं बदलावेच लागते.

अन् तुमच्या स्विचच्या परीक्षेत मोठी भानगड आहे. गॅस पेटवाले पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. कॉइल कमजोर पडली की पेट्रोलवर गाडी मस्त पळते अन् गॅसवर लोड आला का झटके देते. तुमचं वाचून मालक रेग्युलेटर खोलून बसन, अन् दोष निघन प्लगात. मग त्याचे पैसे तुम्ही देता का?

गेजवाला:
हा मुद्दा खरा आहे, लिहायचा राहिला. फक्त गॅसवर मिसिंग असली तरी प्लग-कॉइल यादीतून जात नाहीत, उलट वरच येतात. झालं समाधान?

पण त्यातून "चारही कॉइल टाका" कुठून निघतं? प्लग बदला, वादच नाही, आणि पुस्तकात दिलेल्याच नंबरचे टाका. गॅसवर गॅप (ठिणगीची फट) साधारण ०.७ ते ०.८ मिमी लागतो. पेट्रोलच्या गाडीचा १.१ वाला प्लग तसाच ठोकला तर नवी कोरी कॉइलही उगाच ताणाखाली येते. इरिडियमचा प्लग असेल तर मधल्या टोकाला गेज (फट मोजायची पट्टी) टेकवायचा नाही, ते मोडतं. जुन्या प्लगच्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून उडतेय. मग प्लग आणि कॉइलचं रबरी बूट दोन्ही एकत्र बदलायचे, कारण एकावरची रेघ दुसऱ्याला जाळते.

कळमना ट्रिप:
रिकामी चर्चा करून राहिले तुम्ही दोघं. पहाटे मार्केटात माल भरायचा, दहाच्या आत उतरवायचा. दिवसभर पेट्रोलवर चालवा म्हणता, पेट्रोलचे जास्तीचे पैसे कोण देते? गाडी मिसिंग करत करत रविवारपर्यंत ओढली तं काय होते?

गेजवाला:
चेक लाईट स्थिर असेल तर ओढा. लुकलुकत असेल तर पाय सैल करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन एक्झॉस्टच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं, आतली जाळी वितळते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. कन्व्हर्टर बदलण्यापुढे चार कॉइलचा खर्च चिल्लर आहे. एक दिवसाचं पेट्रोल परवडत नसेल तर अर्धा दिवस चालवा.

बुटीबोरी शिफ्ट:
गॅसची बाजू फार घाईत उरकली. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडंथोडं गॅससोबत येतं, रेग्युलेटरमध्ये साचतं आणि गॅस इंजेक्टर चिकट होतात. थंड असताना अडतात, तापले की सुटतात. स्कॅनरवर कधी हा सिलिंडर, कधी तो. एलसीएनजीच्या पंपावर भरत असाल तर हा त्रास कमी, कारण तिथं एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) द्रव असतानाच दाबतात आणि मग त्याचा गॅस करतात. नागपुरात सुरुवातीला सीएनजी आला तो असाच, टँकरच्या एलएनजीवर.

गॅस फिल्टर खोलायच्या आधी गॅसच्या सिलिंडरचा हातवॉल्व्ह बंद करा आणि गाडी आपोआप पेट्रोलवर येईपर्यंत इंजिन चालू ठेवून लाइन रिकामी करा. भरलेल्या सिलिंडरात २०० बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटर घरी खोलायचा नाही. आणि सेकंडहँड घेतली आहे तर गॅसच्या सिलिंडरवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाची चाचणी) तारीख बघा, दर तीन वर्षांनी लागते.

कळमना ट्रिप:
टँकरचा गॅस म्हणूनच २०२२ मध्ये इथं १२० रुपये किलो झाला होता. तेव्हा कोणी इंजेक्टर चिकटते का म्हणून विचारलं नाही.

धरमपेठी शंका:
सगळे मूळ रोग सोडून बोलताय. मिसिंगच्या तक्रारी वाढल्या त्या ई२० मुळे. जुन्या गाडीला २० टक्के इथेनॉल पाजायचं आणि मग कॉइलला दोष द्यायचा. पण गडकरींच्या गावात इथेनॉलविरुद्ध बोलायची सोय नाही.

बुटीबोरी शिफ्ट:
सोय भरपूर आहे, चौकाचौकात तेच चालू आहे. पण गाडी गॅसवर असताना मिसिंग झाली तर त्यात इथेनॉल येतं कुठून?

धरमपेठी शंका:
गाडी सुरू पेट्रोलवरच होते ना? टाकीत दहा लिटर टाकून चार-चार महिने तसंच ठेवतात. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी तळाला बसतं, पंप नेमका तळातून ओढतो. सकाळी पहिली दोन मिनिटं गचके, गॅसवर गेली की गुपचूप. मालक म्हणतो "मधूनमधून येते".

गेजवाला:
हे शक्य आहे, पण दोष टाकीत पेट्रोल सडवण्याचा आहे. ई१० (१० टक्के इथेनॉल) च्या तुलनेत ई२० वर ईसीयूला जास्तीचं इंधन द्यावं लागतं ते साधारण ४ टक्के. ट्रिमची मुभा दोन्ही बाजूंना २० टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर निरोगी इंजिन मिसिंग करत नाही.

धरमपेठी शंका:
ट्रिम चालू व्हायला ऑक्सिजन सेन्सर तापावा लागतो. थंड स्टार्टला ईसीयू ठरावीक मापानं इंधन देतो, तेव्हा दुरुस्ती कोण करतं? मिश्रण पातळच राहतं. आणि ॲव्हरेजचं काय? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांश कमी. ई२० म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के कमी ऊर्जा आणि भाव तोच. यावर बोला.

वाडीचा मिस्त्री:
ॲव्हरेज गेलं खड्ड्यात, धागा मिसिंगचा आहे बावा!

कळमना ट्रिप:
काहून? ॲव्हरेजवर बोललंच पाहिजे. सहा टक्के म्हणजे शंभर लिटरला सहा लिटर. पोट त्यावरच चालते.

बुटीबोरी शिफ्ट:
तुमची गाडी गॅसवर चालते हो भाऊ. सहा लिटर वाचवायला शंभर लिटर जाळाल तरी कधी?

कळमना ट्रिप:
तुम्हाले टोमणे सुचते, पंपावर रांगेत उभं राहून पाहा.

गेजवाला:
थंड स्टार्टचा मुद्दा मान्य. पण त्यावरून भांडण्याऐवजी मोजा. १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी. हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यासोबत खाली येतं. खालचा थर २८ मिलीच्या आसपास असेल तर ई२०. त्याआधी टाकीतला नमुना नुसताच बाटलीत ठेवून बघा. पाणी न घालताच दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा, वाद संपला. नंतरही महिन्यातून एखादी टाकी पेट्रोलवर जाळा, पेट्रोलचे इंजेक्टर बसून बसून बुजतात.

वाडीचा मिस्त्री:
आता काचेची भांडी घेऊन बसा गॅरेजात. गिऱ्हाईक म्हणन मिस्त्री आहे का डॉक्टर.

बाकी तुम्ही लोकांनी साध्या गोष्टी सोडल्या. प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसते त्या खोल भोकात, तेल पाहा. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटचं रिंगण कडक झालं की तेल आत उतरते, कॉइलचं रबर फुगते. नवी कॉइल टाका, महिन्यात तेही गेलं. गाडी धुतल्यावर मिसिंग येत असन तं त्याच विहिरीत पाणी. कपलरचे (वायरच्या जोडाचे) कान तुटलेले असते, वायरनं बांधून ठेवते लोक. इंजिन चालू ठेवून एकएक कपलर हलवा, गाडी थरथरली का तिथंच थांबा. रात्री अंधारात बूटवर पाण्याचा बारीक फवारा मारा, ठिणगी डोळ्यानं दिसते, पण हात लावू नका. उंदरानं वायर कुरतडली का तेही पाहा. अन् डुप्लिकेट कॉइल नवतपात, उन्हाळ्याच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, टिकत नाही. बाहेर ४५ डिग्री, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. तापली का मिस, थंडी झाली का ठीक. इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!

गेजवाला:
हे तुम्ही काल लिहिलं असतं तर मी आज लिहिलंच नसतं.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची ती बारीक फट (क्लिअरन्स). गॅसवर चाललेल्या जुन्या गाडीत हे सगळ्यात शेवटी सुचतं, सुचायला हवं आधी. गॅस कोरडा असतो. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्ह आणि सीटला जो थोडा गारवा मिळतो तो इथं नाही. एक्झॉस्टची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडात वर सरकतो, क्लिअरन्स कमी होतो. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून मालक खूश. पुस्तकात एक्झॉस्टला थंड इंजिनावर ०.३० मिमी असेल आणि ०.१५ चाही गेज जात नसेल, तर तापल्यावर दांडी लांबते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. गरम आयडलला मिसिंग, रेस दिली की साफ. सकाळी गॅरेजात थंड गाडीचं कॉम्प्रेशन काढलं तर आकडा चांगला येतो, म्हणून कॉम्प्रेशन गरम असतानाच काढायचं.

पद्धत: बॅटरी चार्ज, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, गॅसचा हातवॉल्व्ह बंद, इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर सुटे. इंजिन गरम पण हेड थोडं निवलेलं, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा झटके. चारही सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी निघालेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. प्लग परत बसवताना रबरी नळीत धरून हातानं आटे पकडू द्या.

वाडीचा मिस्त्री:
गरम कॉम्प्रेशन बरोबर आहे. ते मी नाही लिहिलं. पण हायड्रॉलिक (तेलाच्या दाबानं फट आपोआप भरणारे) टॅपेट असले तं तुमचा गेज कुठं घालता?

गेजवाला:
तिथं गेज चालत नाही, कॉम्प्रेशनच बोलतं. आणि आणखी एक: ट्रिम. आयडलला अधिक १५ टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर हवा कुठून तरी आत येतेय. उलट लोडवर वाढत गेला तर इंधन कमी पडतंय.

नवी पिकअप जुनी अडचण:
मूळ प्रश्न माझा होता. सगळं वाचलं. पण टर्मिनल काल सकाळीच काढून लावला. स्कॅनर लावला, कोड एकही नाही.

गेजवाला:
घ्या.

बुटीबोरी शिफ्ट:
हरकत नाही. तीन-चार दिवस नेहमीसारखी चालवा, टर्मिनलला हात लावू नका. रोज संध्याकाळी पेंडिंग कोड बघा. स्कॅनरच्या ॲपमध्ये मोड ६ असेल तर तिथं प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी दिसते, लाईट लागायच्या कितीतरी आधी. कुठल्या सिलिंडरचा आकडा वाढतोय, तेव्हा गॅस होता की पेट्रोल, गाडी थंड होती की गरम, एवढं लिहून ठेवा.

वाडीचा मिस्त्री:
तोवर विहिरीत तेल आहे का ते पाहून घ्या, त्याले स्कॅनर लागत नाही. कॉइल सध्या नका घेऊ. प्लग मात्र घ्याच.