गाडीतल्या सेटसाठी एसडब्ल्यूआर मीटर

गाडीतल्या हॅम रेडिओ सेटचा एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा (१ म्हणजे काहीच परत नाही), क्रॉस-नीडल (एकमेकांना छेदणाऱ्या दोन काट्यांचा) घ्यावा की डिजिटल यावरच गाडी अडलीय सगळ्यांची, पण त्याआधी बँड बघा राव. नुसता एचएफचा (शॉर्टवेव्हचा) मीटर, म्हणजे ज्यावर १.८ ते ६० मेगाहर्ट्झ लिहिलंय तो, २ मीटर किंवा ७० सेंटीमीटरच्या बँडवर (साधारण १४५ नि ४३५ मेगाहर्ट्झ) लावला तर काटा हलतो खरा पण त्या आकड्यावर विसंबता येत नाही, आतला कपलर (जाणाऱ्या-येणाऱ्या पॉवरचा नमुना घेणारा भाग) त्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेलाच नसतो.

मग स्केल. अचूकता बऱ्याचदा फुल स्केलच्या टक्क्यात देतात, म्हणजे २०० वॉटच्या रेंजवर १० टक्के म्हटलं की २० वॉट इकडेतिकडे, मग ५ वॉटवर अँटेना ट्यून करताना तो दाखवणार काय कपाळ! त्यामुळे १५-२० वॉटची वेगळी रेंज असलेलाच घ्या. एसएसबीवर (सिंगल साइडबँड, यात पॉवर आवाजाबरोबर वरखाली होते) बोलणार असाल तर पीईपी, म्हणजे शिखराची पॉवर दाखवणारा हवा, एफएमवर साधा ॲव्हरेजवाला पुरे.

आणि सेटच्या मागे लावून १.३ आला म्हणून लगेच खूश होऊ नका, लांब बारीक कोॲक्स (अँटेनाची केबल) परत येणारी पॉवर वाटेतच खाऊन टाकते नि आकडा गोड दिसतो, एकदा तरी अँटेनाच्या बुडाशी लावून बघा, तेही दारं-डिकी बंद करून. १.५ म्हणजे ४ टक्के पॉवर परत, २ म्हणजे ११, त्यात एवढं घाबरण्यासारखं नाही. ३ म्हणजे मात्र २५, तिथे आधी अँटेनाच्या माउंटचं बॉडीशी अर्थिंग तपासा. मी तर ट्यूनिंग झालं की मीटर काढूनच ठेवतो, डॅशबोर्डवर मिरवायला जागा कुठेय.