वॉशिंग्टन यांच्याकडे आलेले पदांचे अर्ज

प्रश्न (कलिना): १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे अध्यक्ष होताच सरकारी पद मागणाऱ्या पत्रांचा त्यांच्याकडे ओघ लागला, त्यांना ते काय उत्तर देत असत?

उत्तर (दादर): आगाऊ वचन ते देत नसत. सख्खा पुतण्या बुशरॉड याने सरकारी वकिलाचे पद मागितले, तेही नाकारले. आपल्याकडच्या पुतण्यांना हे पटणार नाही!

उत्तर (गिरगाव): मला मेरी कॅथरिन गॉडार्ड यांचा अर्ज अधिक बोलका वाटतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सह्या करणाऱ्यांच्या नावांसह पहिली प्रत छापणाऱ्या, बाल्टिमोरचे टपाल कार्यालय १४ वर्षे सांभाळणाऱ्या या बाईंना १७८९ मध्ये पदावरून दूर केले, आणि दोनशेहून अधिक नागरिकांनी पाठिंबा देऊनही वॉशिंग्टन यांनी हस्तक्षेप केला नाही. तटस्थपणाची ही बाजू मला खटकते.

प्रश्नकर्ता: आणि बुशरॉड?

उत्तर (दादर): १७९८ मध्ये वॉशिंग्टन यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात नेमले.