मदत हवी आहे: नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये ट्रान्सलोकेशन, बाळ जगेल का?

चांदणवेल:
दुसऱ्या गर्भपातानंतर दोघांचं कॅरिओटाइपिंग (गुणसूत्रांची तपासणी) केलं. माझं नॉर्मल, नवऱ्याच्या रिपोर्टवर 'बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन', म्हणजे दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. डॉक्टर घाईत होते, "जेनेटिक काउन्सेलरना भेटा" एवढंच म्हणाले आणि तिथली अपॉइंटमेंट लांबची मिळालीय. नवरा अगदी ठणठणीत आहे, मग बाळांनाच का त्रास? असं बाळ जगतं का? कृपया सरळ उत्तर द्या, लेक्चर नको.

खडूफळा:
कुठल्या गुणसूत्रांचं? रिपोर्टमधली आकड्यांची ओळ जशीच्या तशी टाका. त्याशिवाय सरळ उत्तर निघणारच नाही.

रानवारा:
वेळ घालवू नका, आयव्हीएफ करून पीजीटी-एसआर करा. त्यात भ्रूणाची गुणसूत्रं तपासूनच ते गर्भाशयात सोडतात. आम्ही तेच केलं. चारातलं जेमतेम एखादं भ्रूण चांगलं निघतं, नशिबावर कशाला सोडायचं?

मितभाषी:
सरसकट आयव्हीएफ कशाला सुचवता? पाचशेत साधारण एकाला असं ट्रान्सलोकेशन असतं, बहुतेकांना पत्ताही नसतो. माझ्या भावाला आहे, दोन्ही मुलं नैसर्गिकरीत्या झाली, धडधाकट आहेत.

रानवारा:
तुमच्या भावाचं निभावलं, सगळ्यांचं निभावतंच असं नाही. गर्भपाताचं दुःख भोगणाऱ्यालाच कळतं.

सोनसळी:
नात्यात लग्न झालंय का? आमच्याकडे एकांना तसाच त्रास होता. थायरॉइड आणि साखरही बघून घ्या.

खडूफळा:
सोनसळी, नात्यातल्या लग्नाचा धोका वेगळ्या आजारांत असतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. रानवारा, चारात एक हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात प्रमाण कुठले तुकडे, केवढे, यावर बदलतं.
चांदणवेल, नवऱ्याच्या पेशीत तुकड्यांची फक्त अदलाबदल झालीय, माल पुरेपूर आहे, म्हणून तो निरोगी. शुक्राणू बनताना मात्र वाटणी होते. एखाद्यात एक तुकडा जास्त, दुसरा कमी जाऊ शकतो. हा फरक मोठा असेल तर गर्भ रुजतच नाही किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत पडतो. फरक लहान असेल तर गर्भ पूर्ण दिवस टिकू शकतो, पण बाळाला जन्मजात दोष किंवा मतिमंदत्व असू शकतं. म्हणजे गर्भ टिकला एवढ्यावरून बाळ निरोगी आहे असं धरता येत नाही.

चांदणवेल:
४६, एक्सवाय, टी(११;२२)(क्यू२३;क्यू११.२). आणि आयव्हीएफवर भांडू नका, मला आत्ता नववा आठवडा चालू आहे. काल ठोके दिसले.

मितभाषी:
अहो ताई, हे आधी सांगायचं ना!

रानवारा:
मग माझं पीजीटीचं राहू द्या. मनापासून शुभेच्छा.

खडूफळा:
अभिनंदन. ठोके दिसले ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ११;२२, म्हणजे ११ आणि २२ या गुणसूत्रांतली अदलाबदल, हे अनेक कुटुंबांत स्वतंत्रपणे आढळणारं ट्रान्सलोकेशन आहे. यातून जन्माला येणारं असंतुलन ठरावीक असतं: बाळात बावीसचं बदललेलं छोटं गुणसूत्र ४७ वं म्हणून जादा येतं. त्याला इमॅन्युएल सिंड्रोम म्हणतात. टाळू दुभंगलेली, हृदयाचे दोष, कानाजवळ खळगे, विकासात मोठी दिरंगाई. अशी मुलं जगतात, काही मोठीही होतात, पण सांभाळ आयुष्यभराचा. वडील वाहक असताना हा धोका आई वाहक असण्यापेक्षा कमी असतो. बाळ पूर्ण नॉर्मल किंवा वडिलांसारखं संतुलित वाहक असण्याची शक्यताही खरी आहे.
खात्री हवी असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सीव्हीएस (वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा, छोटा नमुना घेऊन तपासणी), नाहीतर पंधराव्यानंतर गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासणी. साध्या एनआयपीटीवर (आईच्या रक्तावरून होणाऱ्या चाळणी तपासणीवर) भिस्त ठेवू नका. सीव्हीएसच्या नमुन्यासोबत नवऱ्याचा रिपोर्ट द्या, म्हणजे लॅबला काय शोधायचं ते कळेल. आजच फोन करून आठवडे सांगा आणि अपॉइंटमेंट अलीकडे घ्या.

सोनसळी:
सासरी सांगितलंत का? नणंद असेल तर तिलाही तपासायला सांगा.

मितभाषी:
आत्ता तिला हे कशाला? पण मुद्दा बरोबर आहे, भावंडांनाही असू शकतं.

चांदणवेल:
फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. नणंदेचं लग्न ठरतंय, नवरा तिच्याशी बोलणार आहे. सीव्हीएस पोटातून करतात का? त्यानेच गर्भपात होतो असं ऐकलंय.

खडूफळा:
गर्भाशयात वार कुठे आहे त्यावर पोटातून किंवा योनिमार्गातून, सोनोग्राफीत बघत. धोका असतो, पण अनुभवी हातात थोडा. करायची की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. गुरुवारी विचारा की ही तपासणी करणारे डॉक्टर ती नियमित करतात का.