मदत हवी आहे: फुलांचे ग्रॅनी स्क्वेअर वर वळतायत

मैत्रिणींनो, क्रोशाचे फुलांचे ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर विणत नेलेले छोटे चौकोन) जोडून दिवाणाच्या उशांना अभ्रे करतेय, उशी १६ इंची म्हणजे ४ इंचाचे १६ चौकोन पुढच्या बाजूला, मागे साधं कापडच लावणारे कारण दोन्हीकडून विणायचा उत्साह आपल्यात नाही. दोरा सुती, सुई ४ एमएमची. मधे पिवळा गोल, मग ८ गुलाबी पाकळ्या, मग पाकळ्यांच्या मागून साखळ्यांची कमान घालून त्यावर मोतिया रंगात चौकोन, कोपऱ्यात ३ खांब (उंच टाके) २ साखळ्या ३ खांब. फूल मस्त उठून दिसतं पण चौकोन पुरा झाला की कडा वर वळून पार वाटी होते! मागच्या कमानीत साखळ्या वाढवू की फक्त मोतिया ओळींना साडेचारची सुई घेऊ? ओला करून टाचण्या लावून वाळवला की सपाट होतो खरा, पण अभ्रे धुतले जाणारच ना, दर वेळी कोण बसणारे टाचण्या लावत.

आणि जोडायचे कसे? काकू म्हणतात सगळे करून मग मागून शिव, व्हिडिओत शेवटची ओळ विणता विणताच जोडतात. धुण्यात जास्त कुठलं टिकतं? शिवाय तीन रंग म्हणजे एका चौकोनाला दोऱ्याची ६ टोकं, १६ चे ९६, ती विणतानाच दडवता येतात का कुणाला?