प्रति: सातव्या वर्षाची कर्जमाफी आणि हिल्लेलची पळवाट

ज्यू धर्मशास्त्रातले व्याजबंदी आणि शनिवारच्या विश्रांतीचे नियम म्हणजे निव्वळ गरिबांवरची दया, असं काही जण म्हणतात. दया होतीच, पण तेवढ्यावर भागत नाही. जुन्या इस्राएलमध्ये कर्ज काढायचा तो बहुधा पीक बुडालेला शेतकरी. व्याज चढलं की आधी जमीन जाणार, मग पोरंबाळं गुलामीत. म्हणून भावाकडून, म्हणजे आपल्या ज्यू बांधवाकडून, व्याज नको, परक्याकडून चालेल; परका बहुतेकदा व्यापारी, तो नफ्यातून फेडणार.

खरी गंमत दर सातव्या वर्षी कर्जं माफ करायच्या नियमात आहे. माफी जवळ आली की सावकार हात आखडता घेणार, हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक होतं. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात तशी तंबीच दिलीय. तंबीने काय होतंय! शेवटी येशूच्या जन्माच्या आसपास हिल्लेल या ज्यू धर्मपंडिताने 'प्रोझबुल' नावाची पळवाट काढली: येणं न्यायालयाच्या हवाली करायचं, न्यायालयाकडचं येणं माफ होत नाही, वसुली चालू.

आपल्या जुन्या हिंदू कायद्यातलं दामदुपट मला जास्त व्यवहारी वाटतं. व्याज घ्या, पण एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजांची कोर्टंही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ते पाळत.

शनिवारच्या सुट्टीचं अर्थशास्त्र मात्र लंगडं पडतं. सगळ्यांनीच दुकान बंद ठेवलं तर कुणाचं गिऱ्हाईक पळत नाही, ठीक. पण कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, तेव्हा बाकीच्या तेल्यांचे घाणे चालूच असत. त्यावरूनच त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला हा तोटा आर्थिक कारणांत कसा बसवणार?