गाणं ऐकायला वेगळी खोली हवी, की हॉलमध्येच भागतं?

तंबोरा:
माझं मत स्पष्ट सांगतो, स्टिरिओ नीट ऐकायचा तर त्याला स्वतंत्र खोली द्या, लहान असली तरी चालेल. हॉलमध्ये टीव्ही, सोफा, डायनिंग टेबल यातून उरेल तिथं स्पीकर जातात, एक कोपऱ्यात अन् एक दाराशी, मग गायकाचा आवाज मधोमध येणार कसा? दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण जमलाच पाहिजे. मुलगा होस्टेलला गेल्यावर मी त्याची १० बाय १० ची खोली घेतली, जाड पडदे लावले, भिंतींना १ इंची फोम चिकटवला आणि तानपुऱ्याची एकेक तार सुटी ऐकू यायला लागली. नवीन स्पीकरच्या आधी हा खर्च करा.

मंद्रसप्तक:
खोली आधी हे मान्य पण चौकोनी १० बाय १० सगळ्यात वाईट!! आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झ घुमणार, आणि लांबी रुंदी सारखी म्हणून दोन्ही बाजूंनी तिथंच घुमणार. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची आहे, म्हणजे नेमका तोच सूर भिंतीशी बसलं तर अंगावर येईल आणि खोलीच्या मधोमध बसलं तर गायब. १ इंची फोम फक्त वरचे सूर खातो, खाली त्याचा काही उपयोग नाही. हॉल १८ बाय ११ असेल तर हेच ३१ आणि ५१ वर विभागलं जातं. मी हॉलच घेईन.

ठाणेकर:
एवढा आटापिटा कशाला, मेजरमेंट माइक घ्या, आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ईक्यूनं (सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीनं) बास सपाट करा.

मंद्रसप्तक:
घुमणाऱ्या सुराचा फुगवटा कापता येतो हो, गायब झालेल्या सुराचा खड्डा भरता येत नाही. तिथं परतून आलेली लाट मूळ आवाजाला खोडते, तुम्ही जेवढं वाढवाल तेवढंच खोडलं जाणार, वर ॲम्पवर ताण.

रियाज:
मला दोघांचंही पटत नाहीये. १ बीएचकेत चार माणसं राहतात तिथं खोली कुठून आणायची? आमच्याकडे हॉलमध्ये पुस्तकांचं भरलेलं कपाट, सतरंजी आणि कापडी सोफा आहे, आई भाजी निवडताना ऐकते, मी गाते. दार लावून एकट्यानं ऐकायचं मला जमत नाही. आणि फोमनं मढवलेल्या खोलीत गाऊन पाहिलंय, स्वर तोंडातून बाहेर पडला की मरतो, तिथं तानपुराही कोरडा वाटतो.

तंबोरा:
रियाज, तुमचं खरं आहे, कालच दोन भिंतींवरचा फोम काढला. बायकोला आरसा धरून बाजूच्या भिंतीवर सरकवायला सांगितलं, खुर्चीतून आरशात स्पीकर जिथं दिसला, म्हणजे आवाज जिथं आपटून कानाशी येतो, तेवढ्याच जागी फोम ठेवलाय. मंद्रसप्तक, खुर्ची बरोबर मधोमधच होती, ती मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर नेली आणि बास परत आला राव. तरी हॉलमध्ये जाणार नाही, रात्री अकराला मारवा लावून मला कुणाशी बोलायचं नसतं. आता सुताराकडून कोपऱ्यांसाठी ४ इंची रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीच्या) फ्रेम करून घेतोय, वरून कापड सुती लावू की ज्यूट?